भूल दिल्यावर श्वास कोण सांभाळतं? मास्क, एलएमए आणि नळी

(या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. अडखळणं आणि पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

सिटीलिंकमध्ये उभे असाल, सातपूर-अंबडची शिफ्ट संपवून घरी निघाला असाल किंवा गंगापूर रोडला चालत असाल, इअरफोन नीट लावा. आजचा विषय थोडा घाबरवणारा वाटेल, पण शेवटपर्यंत ऐकलंत तर भीती कमी होईल, याची खात्री देते.

मी नाशिकमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला भेटायला गेले की एक प्रश्न हमखास येतो. पेशंट विचारत नाही, नातेवाईक विचारतात, आणि तेही खोलीबाहेर येऊन, हळू आवाजात: "मॅडम, नळी टाकावी लागेल का हो?"

त्या हळू आवाजामागचं कारण आपल्या शहराला माहीत आहे. कोविडमध्ये "पेशंटला नळी टाकली" हे वाक्य ज्या घरांनी ऐकलं, त्यातल्या अनेकांचं माणूस परत आलं नाही. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. तेव्हापासून नळी, व्हेंटिलेटर, ऑक्सिजन हे शब्द इथे कुणी सहज उच्चारत नाही.

म्हणून पहिलीच गोष्ट स्पष्ट सांगते. आयसीयूतल्या नळीची आणि ऑपरेशनच्या नळीची कामं वेगळी आहेत. कोविडमध्ये फुप्फुसं आजारी होती, म्हणून नळी दिवसेंदिवस ठेवावी लागायची. ऑपरेशनच्या वेळी बहुतेकांची फुप्फुसं ठणठणीत असतात. आमच्या औषधानं श्वास थांबतो किंवा मंदावतो, म्हणून तेवढ्या वेळापुरतं एक साधन घशात घालतो. बहुतेक पेशंटच्या बाबतीत ते ओटीतून बाहेर यायच्या आधीच निघालेलं असतं.

आणि दरवेळी ती नळीच असते असंही नाही. तीन मुख्य साधनं आहेत. कोणतं वापरायचं हे ठरवताना आम्ही बघतो तुमचं पोट, तुमचं तोंड आणि तुमचं ऑपरेशन. यातल्या पहिल्या दोन गोष्टींची खरी माहिती फक्त तुमच्याकडे असते. आजचा सगळा भाग या एका मुद्द्याभोवती आहे.

भूल दिली की होतं काय?

आपण रोज झोपतो तेव्हा श्वास चालू राहतो. घोरणारा माणूससुद्धा कुशीवर वळतो, श्वास मोकळा होतो. संपूर्ण भुलीत तसं होत नाही. जबड्याचे आणि जिभेचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते आणि घशाचा रस्ता अडवते. पोटाच्या ऑपरेशनसाठी स्नायू पूर्ण सैल करणारं औषध दिलं, तर श्वासाचे स्नायूही थांबतात. मग श्वास आम्हीच द्यायचा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाणी पिताना चुकून श्वासनलिकेकडे गेलं की आपल्याला ठसका लागतो. ठसका हा आपला पहारेकरी. भुलीत हा पहारेकरी झोपतो. अशा वेळी पोटातलं अन्न किंवा आम्ल वर आलं, तर ते सरळ फुप्फुसात उतरू शकतं.

म्हणजे साधनाकडून दोन कामं हवी असतात: हवा आत-बाहेर नेणं आणि पोटातलं काही फुप्फुसात जाऊ न देणं. तिन्ही साधनांची तुलना या दोन कामांवरच करायची.

पहिलं साधन: मास्क

तोंड आणि नाक झाकणारा मास्क, त्याला जोडलेली पिशवी, आणि जबडा वर उचलून धरणारा भूलतज्ज्ञाचा हात. जीभ जास्तच मागे पडत असेल तर तोंडात प्लॅस्टिकचा वाकडा तुकडा ठेवतो, त्याला गुडेल एअरवे म्हणतात.

घशात काही जात नाही, घसा दुखत नाही, हा मास्कचा फायदा. तोटा असा की पूर्ण वेळ हात अडकलेला राहतो आणि पोटातलं वर आलं तर संरक्षण शून्य. जोरात हवा दिली तर थोडी पोटातही जाते. त्यामुळे फक्त मास्कवर भूल ही अगदी छोट्या कामांपुरती. पण प्रत्येक संपूर्ण भुलीची सुरुवात मास्कनंच होते. झोपवण्याआधी साधारण तीन मिनिटं आम्ही तुम्हाला शुद्ध ऑक्सिजन घ्यायला लावतो. फुप्फुसात तो साठा असला, की श्वास थांबल्यावर निरोगी माणसाकडे काही मिनिटं हातात असतात. साठा नसेल तर एक-दोन मिनिटांतच ऑक्सिजन घसरायला लागतो. लठ्ठ व्यक्ती आणि गरोदर बाई यांच्याकडे हा वेळ आणखी कमी असतो.

इथे तरुण मुलांसाठी एक गोष्ट. भरघोस दाढी असेल तर मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत नाही, कडेनं हवा निसटते. म्हणून एखाद्या भूलतज्ज्ञानं दाढी कमी करायला सांगितली, तर त्यामागे हे कारण असतं.

दुसरं साधन: एलएमए आणि आय-जेल

एलएमए म्हणजे लॅरिंजियल मास्क एअरवे. चेहऱ्यावरचा मास्क छोटा करून घशात नेऊन बसवला असं समजा. श्वासनलिकेच्या तोंडावर पालथी ओंजळ धरावी, तसा तो स्वरयंत्रावर बसतो. स्वरतंतूंच्या आत शिरत नाही, वरच थांबतो.

याची गोष्ट मजेदार आहे. १९८१ मध्ये लंडनमधले भूलतज्ज्ञ डॉ. आर्ची ब्रेन यांना वाटलं, की बाहेरचा मास्क निसटतो आणि नळी फार आत जाते, तर या दोघांच्या मधलं काही का नसावं? त्यांनी मृतदेहांच्या घशाचे प्लॅस्टरचे साचे घेतले आणि दातांच्या डॉक्टरांकडच्या नाकावरच्या रबरी मास्कची कड वापरून पहिला नमुना बनवला. १९८८ मध्ये ते साधन ब्रिटनमध्ये विक्रीला आलं. आज जगभर ते रोजच्या वापरात आहे.

आय-जेल हा त्याचा धाकटा भाऊ. ब्रिटनमधलेच डॉ. मुहम्मद नासिर यांनी तो तयार केला आणि २००७ मध्ये तो बाजारात आला. एलएमएच्या कडेला हवा भरायचा फुगा असतो. आय-जेलला फुगा नाही, जेलसारख्या मऊ पदार्थाची तयार कड आहे. शिवाय पोटातली हवा किंवा पाणी बाहेर यायला बाजूनं वेगळी वाट आहे. वजनावरून माप ठरतं: मोठ्या माणसांत ३० ते ६० किलोला तीन नंबर, पिवळा, ५० ते ९० किलोला चार नंबर, हिरवा, त्यावर पाच नंबर, केशरी.

फायदे बरेच आहेत. पटकन बसतो, स्नायू सैल करणारं औषध बऱ्याचदा लागत नाही, पेशंट स्वतःचा श्वास घेत राहू शकतो, आणि नळीच्या मानाने घसा सहसा कमी दुखतो. मर्यादा एकच, पण मोठी. पालथी ओंजळ म्हणजे घट्ट बूच नव्हे. साध्या एलएमएत हवेचा दाब साधारण २० सेंटिमीटर पाण्याच्या वर गेला की कडेनं गळती होते. पोटातलं जोरात वर आलं, तर ते पूर्ण अडेल अशी हमी तो देत नाही.

तिसरं साधन: नळी

नळी, म्हणजे एंडोट्रॅकियल ट्यूब, स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत जाते. टोकाजवळ छोटा फुगा असतो, त्याला कफ म्हणतात. खोकल्यातला कफ नव्हे बरं का, शर्टाच्या बाहीला कफ असतो तो शब्द. फुगा फुगवला की श्वासनलिकेला आतून बूच बसतं. हवा कडेनं निसटत नाही, घशातलं पाणी खाली उतरत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर हे तंत्र रुळलं. तोफगोळ्यांनी चेहरा फाटलेले सैनिक इंग्लंडमधल्या सिडकपच्या रुग्णालयात येत. सर्जनला चेहऱ्यावरच काम करायचं, मग मास्क ठेवायचा कुठे? तिथले भूलतज्ज्ञ आयव्हन मॅगिल आणि स्टॅनली रोबॉटम यांनी श्वासनलिकेत नळी घालून भूल द्यायला सुरुवात केली. फुग्याची नळी नीट रुळवली अमेरिकेच्या आर्थर गुडेल यांनी, तेच ते वाकड्या तुकड्याचे गुडेल. बूच किती पक्कं आहे हे दाखवायला १९२० च्या दशकात त्यांनी भूल दिलेल्या कुत्र्याला नळी घालून पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं. कुत्रा जागा होऊन अंग झटकत चालायला लागला. त्याचं नाव होतं 'एअरवे'.

नळी घालायला लॅरिंगोस्कोप लागतो, म्हणजे दांडा, पातं आणि दिवा. त्यानं जीभ बाजूला करून स्वरतंतू बघायचे आणि डोळ्यांदेखत नळी आत सरकवायची. आता पात्याच्या टोकाला कॅमेरा असलेले व्हिडिओ लॅरिंगोस्कोपही आलेत, छोट्या स्क्रीनवर सगळं दिसतं. नळी किती आत घालायची याचंही माप असतं: ओठांपाशी बाईच्या बाबतीत साधारण २१ सेंटिमीटरची खूण, पुरुषाच्या बाबतीत २३. जास्त आत गेली तर ती एकाच फुप्फुसात शिरते.

तोटे? एक-दोन दिवस घसा दुखू शकतो, आवाज बसू शकतो, हलणारा दात निखळू शकतो. आणि घालणाऱ्याला सराव हवा.

मग कुणाला काय?

आता तिन्ही शेजारी ठेवू.

रिकामं पोट, तासाभराचं काम, हातापायाचं किंवा वरवरचं ऑपरेशन: हाताच्या हाडाची प्लेट काढणं, स्तनातली गाठ काढणं, गर्भपिशवीची तपासणी. इथे एलएमए किंवा आय-जेल छान चालतो.

दुर्बिणीनं पित्ताशय किंवा अपेंडिक्स काढायचं असेल, तर पोटात गॅस भरतात. त्यानं पडदा वर ढकलला जातो, हवा द्यायला जास्त दाब लागतो. इथे बहुतेक भूलतज्ज्ञ नळीच निवडतात. पालथं झोपवून मणक्याचं ऑपरेशन, टॉन्सिल, जबड्याचं फ्रॅक्चर, लांब चालणारी मोठी ऑपरेशनं, इथेही नळी.

पोट भरलेलं असेल तर ऑपरेशन कितीही छोटं असो, नळीच. मुंबई-आग्रा हायवेवर अपघात झालेला मुलगा ढाब्यावर जेवून निघालेला असतो. शिवाय दुखापत आणि वेदनेमुळे पोटाचं काम मंदावतं, म्हणून नंतर कितीही तास गेले तरी पोट रिकामं झालं असं आम्ही धरत नाही. गरोदर बाईला सिझेरियनसाठी सहसा पाठीतून भूल देतात. संपूर्ण भूल द्यायची वेळ आलीच, तर तिथेही नळी.

ब्रिटनमध्ये २००८-०९ मध्ये एक मोठी देशव्यापी पाहणी झाली, तिचा अहवाल २०११ मध्ये आला. नाव नॅप-४. त्यात दर १०० संपूर्ण भुलींपैकी साधारण ५६ वेळा एलएमएसारखं साधन, ३८ वेळा नळी आणि ५ वेळा फक्त मास्क, असं दिसलं. श्वासमार्गाची गंभीर अडचण साधारण २२ हजार भुलींत एकदा नोंदली गेली. म्हणजे अशी अडचण विरळाच. पण भुलीतल्या या अडचणींमुळे झालेल्या मृत्यूंचं सर्वात मोठं कारण कोणतं निघालं? पोटातलं फुप्फुसात जाणं.

पोटाबद्दल खरं सांगा

म्हणून उपाशीपोटी यायला सांगतात. नियम असा: तेलकट, जड जेवणानंतर ८ तास, हलक्या खाण्यानंतर ६ तास, बाळाला आईचं दूध पाजल्यानंतर ४ तास, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. मिसळ हे जड जेवण आहे, तर्री असो वा नसो. आणि आपला दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो खाण्यात मोडतो. "अर्धा कपच घेतला, सकाळी डोकं दुखत होतं" हे मला सांगा. फार तर ऑपरेशन पुढे ढकलू किंवा साधन बदलू. न सांगता आय-जेल घालायला लावलात, तर धोका तुमच्या फुप्फुसांना.

वजन किंवा शुगर कमी करायला सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइडसारखी आठवड्याची इंजेक्शनं घेणारे आता बरेच जण आहेत. या औषधांनी पोट हळू रिकामं होतं. तेही आधीच सांगा. छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं, हेसुद्धा.

तोंडात तीन बोटं

आता फोन हातात घ्या आणि सेल्फी कॅमेरा उघडा. ताठ बसा, तोंड पूर्ण उघडा, जीभ बाहेर काढा, 'आ' असा आवाज काढू नका. मागे लोंबणारी पडजीभ पूर्ण दिसते का? की फक्त जीभ आणि वरची टाळूच दिसते? ही तपासणी १९८५ मध्ये मांडली डॉ. शेषगिरी मल्लमपट्टी यांनी. आंध्रात जन्मलेला, बोस्टनमध्ये काम करणारा हा भूलतज्ज्ञ. त्यांच्या नावाची मल्लमपट्टी तपासणी आज जगभर केली जाते. कमी दिसलं म्हणजे नळी अवघड जाईलच असं नाही, पण आम्ही सावध होतो.

दुसरी तपासणी: तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, तीन बोटं उभी एकावर एक ठेवून दातांच्या मधे घाला. मावतात? छान. दोनच मावतात? मग ऐका, आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा इथे आहे.

महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी पुड्या मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कॅन्सरचं चित्र पुडीवर असतं, म्हणून ती भीती तरी माहीत आहे. पण सुपारीनं आणखी एक गोष्ट होते. गालाच्या आतला मऊ थर कडक, पांढरट, दोऱ्यांसारखा होतो आणि तोंड उघडणं हळूहळू कमी होतं. याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. तंबाखू नसलेली गोड सुपारी, मावा, पान मसाला, यानंही होतं, कारण मुख्य दोष सुपारीचाच. सुरुवातीला फक्त तिखट झोंबायला लागतं. विशी-पंचविशीतल्या मुलांनाही हे होतं.

भुलीशी याचा संबंध काय? दुखण्यामुळे तोंड उघडत नसेल, तर भूल दिल्यावर स्नायू सैल होतात आणि तोंड बरंचसं उघडतं. फायब्रोसिसमध्ये तसं होत नाही. तिथे स्नायू आखडलेला नसतो, दोरखंड झालेला असतो, कोणतंही औषध तो सैल करत नाही. मग लॅरिंगोस्कोपचं पातं आत जात नाही. आणि एलएमए बसवायलाही तोंड दोन-अडीच सेंटिमीटर तरी उघडावं लागतं. म्हणजे तीनपैकी दोन साधनांचं दारच बंद. उरतो मास्क, आणि भूल दिल्यावर मास्कनं हवा गेली नाही तर? एरवी सोपं असलेलं काम मिनिटांच्या हिशेबावर येतं.

आधी कळलं असेल तर यावर चांगला मार्ग आहे. पेशंटला जागं ठेवून, नाक आणि घसा औषधानं बधिर करून, पेन्सिलपेक्षा बारीक कॅमेऱ्याची लवचीक दुर्बीण नाकातून श्वासनलिकेत नेतात आणि तिच्यावरून नळी सरकवतात. पूर्ण वेळ पेशंट स्वतःचा श्वास घेत असतो. नळी जागेवर बसल्यावरच भूल देतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण नीट बधिर केलं तर पेशंट शांतपणे सहन करतात. मात्र ही दुर्बीण प्रत्येक छोट्या हॉस्पिटलात नसते, मागवावी लागते किंवा पेशंट मोठ्या ठिकाणी पाठवावा लागतो. आदल्या दिवशी कळलं तर हे सगळं जमतं. टेबलावर कळलं तर पळापळ होते.

आईवडील खोलीत असतात म्हणून मुलं "नाही, मी काही खात नाही" म्हणतात. मी म्हणून तपासताना नातेवाइकांना थोडं बाहेर थांबवते. तुम्हालाही एकट्यात सांगायचं असेल, तर तसं म्हणा. आम्ही रागवत नाही, साधन निवडतो.

नळी योग्य जागी आहे हे कसं कळतं?

कोविडनं घराघरांत ऑक्सिमीटर नेला, त्यामुळे बोटावरचा आकडा सगळ्यांना कळतो. पण नळी चुकून अन्ननलिकेत गेली, तर ऑक्सिमीटर ते उशिरा सांगतो, कारण फुप्फुसातला साठा काही वेळ पुरतो. लगेच सांगणारं यंत्र म्हणजे कॅप्नोग्राफ. ते बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतं आणि स्क्रीनवर प्रत्येक श्वासाला एक लाट उमटते. फुप्फुसातून येणाऱ्या हवेत तो वायू सतत असतो, पोटात तसा नसतो. लाटा एकामागून एक येत राहिल्या तर नळी जागेवर आहे. लाट नसेल तर नळी चुकली असं धरून पुढचं पाऊल उचलायचं. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं, ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशननं, २०१६ मध्ये स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातही या लाटेवर भर आहे.

तर ऑपरेशनआधी विचारायचंच असेल, तर "नळी टाकणार का?" यापेक्षा "ओटीत कॅप्नोग्राफ आहे ना?" हा प्रश्न विचारा. चांगल्या भूलतज्ज्ञाला त्याचा राग येणार नाही.

फोनमध्ये सेव्ह करून ठेवा

भूलतज्ज्ञाला सांगायच्या गोष्टी: शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं-प्यालं, चहासकट. घोरता का. जळजळ होते का. हलणारा दात, कवळी, कॅप आहे का. सुपारी, गुटखा, तंबाखू. मान किंवा जबडा नीट हलतो का. चालू असलेली औषधं आणि इंजेक्शनं. आधीच्या ऑपरेशनमध्ये "नळी घालायला अवघड गेलं" असं कुणी सांगितलं असेल, तर तो कागद शोधा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. पुढच्या भूलतज्ज्ञासाठी तो फोटो लाखमोलाचा असतो.

आणि तीन बोटांची तपासणी आज रात्री जेवणाआधी करा, मित्रांनाही करायला लावा. कुणाला दोनच बोटं मावत असतील, तर सुपारी आजपासून बंद आणि दातांच्या डॉक्टरांकडे या आठवड्यात. सोडल्यावर आधीचा कडकपणा पूर्ण जात नाही, पण पुढे वाढणं थांबू शकतं.

पुढच्या भागात पाठीतल्या इंजेक्शनबद्दल बोलू, "त्यानं कायमची कंबर दुखते" हे खरं का, ते बघू. तुमचे प्रश्न व्हॉइस नोट करून पाठवा. काळजी घ्या, भेटूच!